विद्यार्थी कल्याणसेवा, महाराष्ट्रातील

उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापनाव्यतिरिक्त निवास, भोजन, आरोग्य, अर्थसाहाय्य, मार्गदर्शन, अर्थार्जनाची संधी आणि तक्रारनिवारण यांबाबत जे साहाय्य संघटितपणे पुरविले जाते, त्यास ‘विद्यार्थी कल्याणसेवा’ म्हणतात. अध्ययनाला लागणारी बुद्धी व परिश्रम विद्यार्थ्याचे स्वतःचे असले, तरी ते सफल होण्यास अन्न, निवारा आणि मनःस्वास्थ्य यांची निश्चिती लागते, या अनुभवातून या सेवा निर्माण झाल्या. त्यांचा इतिहास विद्यापीठांच्या इतिहासाहून जुना आहे. आश्रयदात्याचे दान, समाजाची भिक्षा, ज्ञातींची व लोकसेवकांची वसतिगृहे, शासनाच्या शिष्यवृत्त्या आणि विद्यापीठाची सांविधिक यंत्रणा असे त्याचे स्थूलमानाने टप्पे पडतात. साहाय्य कोणाला मिळावे व ते कृपा म्हणून की हक्क म्हणून, हा प्रश्न या सर्व टप्प्यांत कायम राहिला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी : विद्याव्यासंगी कुटुंबांना करमुक्त जमिनी देऊन त्यांची स्वतंत्र वसाहत करण्याची अग्रहार-पद्धती प्राचीन काळापासून दक्षिणेत रूढ होती. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे समुद्रकाठचे गाव अशा विद्वानांच्या वस्तीचे एक उदाहरण होय. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात हे गाव भरभराटीस आले होते. तेथे सापडलेला शके ९८२ (इ. स. १०६०) मधील ताम्रपट मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांत गणला जातो. त्यात गावातील मंडळींकडे ठेवलेल्या सुवर्णाच्या व्यवहाराची नोंद असून, भाषेच्या दृष्टीने त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्यातील भट, घैसास, षडंगवी यांसारखी उपपदेही तितकीच बोलकी आहेत. वेदाची सहा अंगे जाणणारा तो षडंगवी. म्हणजे अध्ययन-अध्यापन हीच ज्यांची ओळख होती, अशी कुटुंबे येथे नांदत होती व सामुदायिक ठेवीचा व्यवहार ती लेखी स्वरूपात करीत होती. ताम्रपटात विद्यार्थ्यांचा उल्लेख नाही. तथापि विद्वत्तेला जमिनीचे व ठेवीचे स्थैर्य मिळाल्याशिवाय ती एका जागी टिकत नाही, हे अशा वसाहतींच्या रचनेवरून दिसते. अध्यापकाचा निर्वाह जमिनीवर होत असे आणि शिष्याचा निर्वाह अध्यापकाच्या घरी होत असे.

विद्यार्थ्यांसाठी खास केलेल्या तरतुदींचे तपशील इतर लेखांतून मिळतात. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा मंत्री नारायण याने साळोटगी (सध्या कर्नाटकातील विजयपूर जिल्हा) येथे बांधलेल्या शाळेसंबंधीचा लेख इ. स. ९४५ चा आहे. देशोदेशीहून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथे सत्तावीस निवासस्थाने होती व दिवाबत्तीच्या खर्चासाठी बारा निवर्तने जमीन तोडून दिलेली होती. विवाह, मौंज इ. शुभकार्यांच्या प्रसंगी ग्रामस्थांनी शाळेला ठरावीक रक्कम द्यावी, असाही नियम होता. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील लेखात निकुंभवंशीय सोइदेवाने दिलेल्या दानाची नोंद आहे (इ. स. १२०७). भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणी व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने हा मठ स्थापन केला होता. या लेखाचा अखेरचा भाग मराठीत असून, बाजारातील व्यवहारावरील हिस्सा आणि दर घाण्यामागे पळीभर तेल मठाकडे जावे, असे त्यात नमूद आहे. तमिळनाडूतील तिरुमुक्कूडल येथील अकराव्या शतकातील चोळ लेखात तर विद्यार्थ्यांच्या भोजनाबरोबरच पंधरा खाटांच्या रुग्णालयाचीही तरतूद आढळते.

या व्यवस्थेत राजा, व्यापारी, तेली, शेतकरी व गृहस्थ अशा सर्वांचा वाटा होता. लाभ मात्र मुख्यतः वेदाध्ययनाचा अधिकार असलेल्या वर्णांतील मुलग्यांपुरता मर्यादित होता. ज्याच्या घाण्याचे तेल मठातील दिव्यात जळत असे, त्याच्या मुलाला त्या दिव्याजवळ बसण्याची मुभा नव्हती. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील विद्यार्थी-साहाय्याच्या चळवळीला ही विषमता दूर करावयाची होती.

यूरोपातही विद्यार्थी-साहाय्याचा उगम धर्मदायातूनच झाला. पॅरिसमध्ये रॉबेर द सॉर्बाँ याने १२५७ च्या सुमारास स्थापिलेले व पुढे सॉर्बॉन म्हणून प्रसिद्धीस आलेले महाविद्यालय मुळात धर्मशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांचे निवासस्थान होते. कॉलेज या संस्थेचे मूळ अशा रीतीने निवास व भोजन यांच्या व्यवस्थेत आहे.

पेशवेकालीन दक्षिणा व तिचे रूपांतर : विद्वान ब्राह्मणांना श्रावणमासात दक्षिणा देण्याची प्रथा दाभाड्यांनी तळेगाव येथे चालू केली व पुढे पहिल्या बाजीरावाच्या काळी ती पुण्यास आली. पेशव्यांचे भट घराणे दिवेआगरच्या शेजारच्या श्रीवर्धनचे. पेशवाईच्या अखेरीस या दक्षिणेवर लक्षावधी रुपये खर्च होऊ लागले होते. १८१८ नंतर इंग्रजी अंमलात तीपैकी काही रक्कम चालू ठेवण्यात आली आणि तिच्या आधारे १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी खर्च करावा, असा अर्ज केला. सनातनी मंडळींचा त्यास तीव्र विरोध झाला, परंतु मागणी अंशतः मान्य झाली. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१८५७) याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमण्यात येऊ लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे विद्यार्थिदशेत दक्षिणा फेलो होते. जन्म व पठण यांवर आधारलेले दान परीक्षेतील गुणवत्तेवर आधारलेल्या शिष्यवृत्तीत परिणत झाले, ते असे.

वार, माधुकरी आणि आरंभीची वसतिगृहे : शिष्यवृत्ती मोजक्यांनाच मिळे. इतरांना शिक्षणासाठी गाव सोडून शहरात यावे लागे व तेथे पोटाची सोय स्वतः लावावी लागे. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवण्याची पद्धत ‘वार लावून जेवणे’ म्हणून ओळखली जाई. ज्याला वार मिळत नसत तो झोळी घेऊन माधुकरी मागे. या पद्धतीने अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांचे शिक्षण पार पडले, हे तिचे ऋण मान्य करावे लागते. परंतु यजमानाच्या घरचे सोयर-सुतक, प्रवास किंवा नाराजी यांमुळे तो वार बुडत असे. परीक्षेच्या दिवसांतही जेवणासाठी दूरवर जावे लागे. आणि उपकाराचे दडपण सतत मनावर राही. ज्यांना वरिष्ठ जातींच्या घरी पंक्तीला बसवून घेत नसत, त्यांना तर हा मार्ग मुळातच बंद होता.

कोकणातील विद्यार्थ्याची अडचण दुहेरी होती. खाड्या व सह्याद्री यांमुळे शिक्षणाची केंद्रे दुर्गम होती. दापोली तालुक्यातील मुरूड येथे वाढलेले धोंडो केशव कर्वे सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी घाट चढून चालत साताऱ्यास गेले. परंतु अंगकाठीवरून ते अल्पवयी दिसतात, या कारणाने त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. या व अशा अनुभवांतून गेलेल्या कर्व्यांनी पुढे अनाथ बालिकाश्रम (१८९६) व महिला विद्यापीठ (१९१६) स्थापन केले, तेव्हा अध्यापन व निवास यांची सांगड प्रथमपासूनच घातली. त्यापूर्वी पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू करून विधवांच्या शिक्षणाला निवासाची जोड दिली होती. स्त्रियांच्या बाबतीत वसतिगृह ही सोय नव्हती, ती शिक्षणाची पूर्वअटच होती. कारण वार लावण्याचा किंवा खोली घेऊन राहण्याचा पर्याय त्यांना नव्हता.

महाविद्यालयांना जोडून निवासाची सोय करण्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रारंभ झाला. डेक्कन कॉलेज १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या वास्तूत गेले, तेव्हा तेथे विद्यार्थ्यांसाठी खोल्या होत्या. बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांच्या भावी कार्याची चर्चा याच परिसरात झाली. खाजगी दानातून शिष्यवृत्त्यांचे निधीही उभे राहिले. नाना शंकरशेट यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात प्रथम येणाऱ्यास देण्यात येणारी शिष्यवृत्ती अत्यंत प्रतिष्ठेची समजली जाई. महाडजवळील नाते येथे जन्मलेले व रोह्यास बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये तिचे मानकरी ठरले. हेच देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले (१९५६–६१). परदेशी शिक्षणासाठी जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्वतंत्र निधी स्थापन केला. पुण्यात १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने (सध्याचे पुणे विद्यार्थी गृह) माधुकरीवर शिकणाऱ्या मुलांना एकत्र आणून त्यांच्या निवास-भोजनाची व्यवस्था लावली.

वसतिगृह-चळवळ : बहुजनसमाजाच्या शिक्षणात निवास हाच मुख्य अडसर आहे, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. कोल्हापुरात १८९६ मध्ये सर्व जातींसाठी काढलेले वसतिगृह प्रत्यक्षात एकाच वर्गाच्या ताब्यात गेले. या अनुभवामुळे त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना स्वतंत्र वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यापाठोपाठ जैन, मुस्लिम (१९०६), लिंगायत, सारस्वत, नामदेव शिंपी इ. समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. महाराजांनी या संस्थांना जागा, इमारती, जमिनी व वार्षिक अनुदाने दिली. कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ असे म्हटले जाऊ लागले. ज्ञातिनिहाय वसतिगृहांमुळे जातिभेद दृढ होईल, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. तथापि जातीमुळेच ज्यांना इतरत्र प्रवेश नव्हता त्यांना शहरात पाऊल ठेवण्यास ही पहिली जागा मिळाली, हे नाकारता येत नाही. याच धर्तीवर नासिक येथे उदाजी मराठा वसतिगृह (१९१४) व अमरावती येथे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे श्रद्धानंद छात्रालय उभे राहिले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी या आक्षेपाला कृतीने उत्तर दिले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना काले (सातारा जिल्हा) येथे १९१९ मध्ये झाली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. वसतिगृहाचा खर्च भागविण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. विद्यार्थी शेतात, बांधकामावर व स्वयंपाकघरात काम करीत. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र येथूनच रूढ झाले व साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात (१९४७) ते उच्च शिक्षणाला लावण्यात आले. घेतलेल्या साहाय्याची परतफेड श्रमाने केल्यामुळे विद्यार्थ्याच्या मनातील उपकाराचे ओझे नाहीसे होते, हा त्यामागील विचार होता. वार लावून जेवण्याच्या पद्धतीतील उणीव त्याने नेमकी हेरली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शिक्षण बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने झाले. महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्यांना दरमहा पंचवीस रुपये मिळत व १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. बहिष्कृत हितकारिणी सभा (१९२४) या त्यांच्या पहिल्या संस्थेने लगेचच १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह उघडले. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने (१९४५) मुंबई, औरंगाबाद व महाड येथे महाविद्यालये काढली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग व दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे ही त्यांची वैशिष्ट्ये होत. आंबेडकरांनी व्यक्तिगत आश्रयाऐवजी शासकीय तरतुदीचा आग्रह धरला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी केलेल्या पाठपुराव्यामुळे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. काही वर्षांतच तीत अनुसूचित जमातींचाही समावेश झाला. एका संस्थानिकाच्या औदार्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या पिढीला तेच साहाय्य राज्याच्या अंदाजपत्रकातून मिळवून द्यावे, ही घटना या इतिहासातील निर्णायक वळण मानावी लागेल.

स्वातंत्र्योत्तर काळ : विद्यार्थी कल्याण हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे, ही कल्पना स्वातंत्र्योत्तर काळात रुजली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) विद्यार्थ्यांच्या कल्याणाचा स्वतंत्रपणे विचार केला. प्रवेशाच्या वेळी व त्यानंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी, माफक दरात दुपारचे जेवण, वसतिगृहे, शारीरिक शिक्षण आणि विद्यार्थी कल्याण सल्लागार मंडळ अशा शिफारशी त्याने केल्या. कोठारी आयोगाने (१९६४–६६) विद्यार्थिसेवा या शिक्षणाच्या अविभाज्य अंग होत, असे प्रतिपादन केले. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी सु. २५ टक्के व पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सु. ५० टक्के यांना वसतिगृहाची सोय असावी, घरी अभ्यासास जागा नसणाऱ्यांसाठी दिवसभराची अभ्यासकेंद्रे असावीत, दर हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा व विद्यार्थी कल्याणासाठी पूर्णवेळ अधिष्ठाता नेमावा, असे त्याचे म्हणणे होते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विद्यार्थ्यांनी स्वतःच चालविलेल्या भोजनगृहांतून व कर्जनिधींतून स्वायत्त विद्यार्थी-साहाय्य संस्था विकसित झाल्या होत्या. फ्रान्सने १९५५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय यंत्रणा उभारली. भारतात मात्र ही जबाबदारी शासनाची खाती, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था यांच्यात विभागली गेली.

महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या पाल्यांना शुल्कमाफी देणारी ई. बी. सी. सवलत १९५९ पासून लागू झाली. जातीऐवजी उत्पन्न हा निकष मानणाऱ्या या योजनेमुळे ग्रामीण भागातील असंख्य कुटुंबांतील पहिली पदवीधर पिढी निर्माण झाली. समाजकल्याण व आदिवासी विकास या खात्यांनी जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी शासकीय वसतिगृहे काढली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठी अल्प खर्चाची वसतिगृहे चालविली. विद्यार्थ्याने काही तास श्रम करावेत व वसतिगृहाच्या कामांत वाटा उचलावा, अशी तेथे प्रथा आहे. विद्यापीठांनी विद्यार्थी कल्याण मंडळे स्थापन करून ‘कमवा व शिका’, विद्यार्थी साहाय्यनिधी, अपघात विमा, व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे इ. उपक्रम त्यांच्याकडे सोपविले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील ‘कमवा व शिका’ योजनेच्या विद्यार्थी भवनास पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांचे नाव देण्यात आले आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने साहाय्य घेणारा विद्यार्थी साहाय्य देणाराही व्हावा, ही दृष्टी दिली. राज्य मार्ग परिवहनाच्या बसमध्ये विद्यार्थ्यांना मासिक पासावर मिळणारी दोनतृतीयांश सवलत या सेवांच्या यादीत क्वचितच घेतली जाते. परंतु खेड्यातून रोज ये-जा करणाऱ्यांच्या दृष्टीने तिचे महत्त्व कोणत्याही शिष्यवृत्तीहून कमी नाही.

कायदेशीर संरक्षणाची भर १९९० नंतर पडली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा केला व विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये त्यासंबंधी देशव्यापी विनियम काढले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असून पूर्वीच्या ‘कल्याण’ या संज्ञेची जागा ‘विकास’ या संज्ञेने घेतली आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना निवास-भोजनाचा खर्च थेट बँक खात्यात देणारी ‘स्वाधार’ योजना व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ योजना २०१६-१७ पासून अमलात आल्या. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाहभत्ता देण्यात येतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लक्ष रुपयांपर्यंत असणाऱ्या मुलींना २०२४ पासून पूर्ण शुल्कमाफी मिळू लागली. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असणे आवश्यक ठरविले. कोठारी आयोगाने हजार विद्यार्थ्यांमागे एका समुपदेशकाची शिफारस केल्यानंतर सु. सहा दशकांनी ही गोष्ट बंधनकारक झाली.

किनारपट्टीवरील स्थिती : कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. त्यानंतर या जिल्ह्यात उच्च शिक्षणाच्या सोयी वाढत गेल्या. लोणेरे येथे १९८९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. श्रीवर्धन, महाड, माणगाव इ. ठिकाणी महाविद्यालये आहेत. तथापि दिवेआगर, बोर्ली पंचतन किंवा हरिहरेश्वर या गावांतील विद्यार्थ्याला पदव्युत्तर अथवा व्यावसायिक शिक्षणासाठी बहुधा मुंबई, पनवेल किंवा पुणे गाठावे लागते. त्याचे शुल्क माफ झाले, तरी शहरातील खोलीभाडे व खाणावळ यांचा प्रश्न शिल्लक राहतो. शुल्क हा खर्चाचा लहान भाग व निर्वाह हा मोठा भाग, ही एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थ्याची स्थिती या अर्थाने पूर्णतः पालटलेली नाही.

या भागातील अनेक कुटुंबांचे उत्पन्न नारळ-सुपारीच्या वाड्या, मासेमारी व अलीकडे पर्यटन यांवर अवलंबून असते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी. होता. परिसरातील वाड्यांमधील माड व पोफळी मोठ्या संख्येने उन्मळून पडल्या. भाताचे पीक बुडाले, तर पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते; पोफळ मात्र लावल्यापासून फळावर येण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणजे एका दिवसाच्या वादळाने विद्यार्थ्याच्या संपूर्ण पदवी-अभ्यासक्रमाच्या काळातील कौटुंबिक उत्पन्न नाहीसे होऊ शकते. त्याच वर्षी कोव्हिड महामारीमुळे महाविद्यालये व वसतिगृहे बंद होती आणि अध्यापन दूरभाषसंचावर चालू होते. वादळाने वीज व दूरसंचार यंत्रणा मोडून पडलेल्या गावांना त्याचाही लाभ घेणे कठीण झाले. शिष्यवृत्तीची बहुतेक योजना गेल्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर आधारलेली असते. आपत्ती चालू वर्षात येते, तेव्हा दाखल्यावरील आकडा कुटुंबाची खरी स्थिती सांगत नाही. अशा प्रसंगी विद्यापीठाचा साहाय्यनिधी, महाविद्यालयातील प्राध्यापकांची वर्गणी व मुंबईतील ग्रामस्थ मंडळे यांसारखे तत्काळ उपयोगी पडणारे मार्गच महत्त्वाचे ठरतात.

मूल्यमापन : विद्यार्थी कल्याणाच्या सहस्र वर्षांच्या इतिहासात लाभार्थ्यांचे वर्तुळ सतत विस्तारत गेले, ही त्याची मोठी जमेची बाजू होय. अग्रहारातील निवडक कुटुंबांपासून सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींपर्यंत ते पोहोचले. साहाय्याचे स्वरूपही दानाकडून हक्काकडे वळले. या स्थित्यंतरात काही गोष्टी गमावल्याही गेल्या. साळोटगीच्या किंवा पाटणच्या व्यवस्थेत निधीचा स्रोत जमिनीशी व बाजाराशी कायमचा बांधलेला होता. आजच्या शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपत आल्यावर हाती पडते, ही तक्रार सार्वत्रिक आहे. कर्मवीरांच्या वसतिगृहात विद्यार्थ्याला ओळखणारे माणूस होते. संगणकीय अर्जप्रणालीत अर्ज त्रुटीसाठी परत येतो, तेव्हा तो समजावून सांगणारे कोणी असेलच असे नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला योजनेची माहिती मिळणे, कागदपत्रे जमविणे आणि मुदतीत अर्ज करणे यासाठीही साहाय्य लागते आणि त्या साहाय्याअभावी अनेक सवलती कागदावरच राहतात. अर्थसाहाय्य थेट खात्यात जमा होऊ लागल्यामुळे मध्यस्थांचा अडथळा दूर झाला, परंतु वसतिगृहातील सहजीवनाची जागा रोख रक्कम घेऊ शकत नाही.

साहाय्याची पर्याप्तता, ते वेळेवर मिळणे आणि ते घेताना विद्यार्थ्याचा आत्मसन्मान अबाधित राहणे, या तीन कसोट्या शाहू महाराज, भाऊराव पाटील व आंबेडकर यांच्या कार्यातून निष्पन्न होतात. कोणत्याही विद्यापीठाच्या कल्याणसेवांचे मूल्यमापन त्यांच्या आधारे करता येईल. विद्येच्या ठेवीचा हिशेब ताम्रपटावर कोरून ठेवणाऱ्या दिवेआगरसारख्या गावातील आजचा विद्यार्थी घरच्या वाडीचे नुकसान सोसूनही पदवीपर्यंत पोहोचू शकतो की नाही, यावरूनच त्या सेवांचे खरे यश ठरेल.